एसावाचे कपडे आणि राहेलची खूण



‘तोलदोत’ हा पाराशा दरवर्षी हेश्वान-किस्लेवच्या सुमारास सिनेगॉगमध्ये वाचला जातो. त्यातील इसहाक, एसाव आणि याकोब यांची कथा आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? परंतु या कथेचा आजच्या आपल्या जीवनाशी किती निकटचा संबंध आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करावा म्हणून हे चार शब्द.

इसहाक वृद्ध झाला होता. दृष्टी मंदावली होती. थोरल्या मुलास आशीर्वाद द्यावा असे त्याच्या मनात आले. तेव्हा रिबकेने घरात ठेवलेले एसावाचे उत्तम कपडे धाकट्या याकोबाच्या अंगावर चढविले, हातांना व मानेला करडांची कातडी गुंडाळली आणि ताट हाती देऊन त्याला आत पाठविले. पित्याने विचारले, कोण आलास? याकोबाने भावाचे नाव सांगितले. त्या वृद्धाच्या कानांनी याकोबाला ओळखले होते. पण बोटांना केस लागले, कपड्यांना रानाचा वास आला, आणि इसहाकाने कानांची साक्ष बाजूस सारून कपड्यांची साक्ष मान्य केली.

आपल्या रब्बींनी याकोबाच्या बाजूने पुष्कळ लिहिले आहे. आईची आज्ञा होती, ज्येष्ठत्वाचा हक्क एसावाने आधीच विकला होता, इत्यादी. ते खरे आहे. तथापि तोराह आपल्या पूर्वजांचेही हिशेब सोडीत नाही. पुढे लाबानाने लग्नाच्या रात्री राहेलच्या जागी लेआला उभी केली, तेव्हा अंधारात याकोब फसला. सकाळी त्याने लेआला दोष दिला, तेव्हा तिने त्याला एसावाच्या नावाने दिलेल्या उत्तराची आठवण करून दिली, असे मिद्राश सांगतो. आणि वृद्धपणी त्याच्या मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकला व ओळखण्यास सांगितले. कपडा आणि करडू यांच्या साहाय्याने त्याने पित्यास फसविले होते. कपडा आणि करडू यांच्याच साहाय्याने तो स्वतः फसला. पेरावे तसे उगवते.

आता आजच्या इसहाकाकडे पाहू. तो आज मोबाईल हातात घेऊन बसलेला आहे. समोर कोणाचा तरी फोटो आहे, गोड शब्द आहेत, नाव आहे. पण नावामागचा माणूस दिसत नाही. डोळे चांगले असूनही तो आंधळाच आहे, कारण त्याला जे दिसते ते केवळ समोरच्याने दाखविलेले असते.

कुलाबा जिल्ह्यात आपले वाडवडील राहत होते तेव्हा असे नव्हते. माणसाचे आडनावच त्याचा पत्ता सांगे. पेणकर म्हटला की पेणला जाऊन विचारावे, नवगावकर म्हटला की नवगावास. स्थळ आले की चार नातेवाईक बैलगाडीने जात, घर पाहत, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करीत. त्या काळीही लबाड माणसे होतीच. पण लबाडाला आपल्या गावापासून फार दूर पळता येत नसे. आज आपण इस्राएलात, इंग्लंडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात विखुरलो आहोत. आपली मुले पडद्यावर ओळखी करतात, तेथेच मैत्री जुळते, तेथेच लग्ने ठरतात. यात मुळीच वाईट नाही. कित्येकांचे संसार त्यातून सुखाने उभे राहिले आहेत. परंतु पडद्यावरच्या माणसाला गाव नसते, शेजारी नसतो आणि विचारपूस करण्यासाठी कोणाचे दार नसते.

याचे एक ठळक उदाहरण हॉलंडात घडले, आणि त्याचा आपणां यहुद्यांशी थेट संबंध आहे. अॅम्स्टरडॅम येथील आयलीन शार्लट या स्त्रीची टिंडर या मोबाईलवरील ओळखीच्या दुकानात एका तरुणाशी गाठ पडली. त्याने आपले नाव सायमन लेविएव्ह असे सांगितले. प्रसिद्ध हिरे-व्यापारी लेव्ह लेविएव्ह यांचा आपण पुत्र आहोत, असा त्याचा दावा होता. वास्तविक त्या घराण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तो होता शिमोन हायूत, १९९० साली ब्नेइ ब्राक येथे जन्मलेला. फिनलंडमध्ये स्त्रियांना फसविल्याबद्दल २०१५ साली त्याला शिक्षाही झाली होती. आयलीनला यांपैकी काही ठाऊक नव्हते. तिला दिसले ते उंची कपडे, खासगी विमाने, अंगरक्षक आणि प्रेमाचे शब्द. चौदा महिने हे नाते टिकले. त्याच काळात ‘शत्रू मागे लागले आहेत, माझी कार्डे वापरली तर माझा ठावठिकाणा कळेल’ अशी कथा सुरू झाली आणि तिने त्याला सुमारे १ लाख ४० हजार डॉलर दिले. एका स्त्रीकडून घेतलेले पैसे तो दुसरीवर उधळीत असे, आणि दुसरीला वाटे की हा कुबेराचा पुत्र. म्हणजे त्याच्या अंगावरचे वैभवही उसनेच होते. एसावाचे कपडेच ते!

फेब्रुवारी २०१९ मध्ये नॉर्वेतील एका वृत्तपत्राने त्याचे बिंग फोडले. आयलीनने तो वृत्तान्त विमानप्रवासात वाचला. तिने त्याला काही कळू दिले नाही. ‘तुझे कपडे विकून पैसे उभे करून देते’ असे सांगून तिने त्याचे उंची कपडे ताब्यात घेतले, विकले, आणि आलेले पैसे आपल्या बुडालेल्या रकमेपोटी ठेवून घेतले. पुढे त्याच्या ग्रीसच्या प्रवासाची खबरही तिने पोलिसांना दिली व बनावट पासपोर्टासह तो पकडला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये इस्राएलातील न्यायालयाने त्याला जुन्या गुन्ह्यांबद्दल पंधरा महिन्यांची शिक्षा दिली. पाच महिन्यांत तो सुटला. युरोपातील स्त्रियांचे पैसे त्या शिक्षेने परत आले नाहीत.

बंधुभगिनींनो, तो माणूस आपल्यांपैकी होता, हे वाचताना मान खाली जाते. ‘फसलेल्या स्त्रिया परक्या होत्या, आपल्याला काय त्याचे?’ असे कोणी म्हणेल तर त्याने तालमूद उघडावे. कोणाही माणसाच्या मनाची चोरी करू नये, तो यहुदी नसला तरीही करू नये, असा निर्णय शमुएल या थोर आचार्यांनी दिलेला आहे. आपल्या शास्त्रात या पापाला ‘गनेवत दाअत’ म्हणजे मनाची चोरी असे नाव आहे. तोसेफ्तामध्ये सात प्रकारचे चोर सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला मान, किंबहुना पहिला अपमान, दिला आहे तो लोकांचे मन चोरणाऱ्यास. खिसा कापणारा पैसे नेतो. ते पुन्हा मिळविता येतात. मन चोरणारा विश्वास नेतो. ज्याचा विश्वास गेला तो उद्या खऱ्या मित्रालाही दार उघडत नाही. शिवाय यहुद्याने असे केले तर जग त्याच्या नावाने देवाच्या नावाला बोल लावते. हाच हिल्लूल हाशेम.

आता कोणी म्हणेल, ती मंडळी हिऱ्यांना भुलली. आमच्याजवळ कोण हिरे घेऊन येणार? पण चोर नेहमी लोभाच्या दारानेच येतो असे नाही. हॉलंडातील असंख्य आयांना गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवर एक साधा निरोप येत आहे. ‘आई, हा माझा नवा नंबर, जुना मोबाईल बिघडला.’ थोड्या वेळाने दुसरा निरोप येतो: ‘एक बिल आजच भरायचे आहे, तू भर, मी उद्या देतो.’ आईचे काळीज ते! ती पैसे पाठविते आणि संध्याकाळी खऱ्या मुलाचा जुन्याच नंबरावरून फोन येतो. तिला कोणता लोभ होता? चोर तेथे मायेच्या दाराने आत शिरला. इसहाकही लोभाने फसला नाही. मुलावरच्या प्रेमाने फसला. हॉलंडातील बँका खाते-क्रमांक आणि नाव जुळते की नाही ते पैसे पाठविण्यापूर्वी दाखवितात, फ्रॉडेहेल्पडेस्क नावाची संस्था लोकांना सल्ला देते, तरीही हे प्रकार थांबले नाहीत. हा निरोप आज कोणत्याही भाषेत येऊ शकतो, मराठीतही.

येथे एक अवघड प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. लबाड माणसाला हा बाजार इतका सोपा का जातो? याचे उत्तर अॅम्स्टरडॅममधीलच एका विद्यार्थिनीने २०१४ साली जगाला दाखविले. झिला व्हान डेन बॉर्न हिने ‘मी आशियाच्या सफरीवर चालले’ असे सांगितले आणि सुमारे पाच आठवडे फेसबुकवर फोटो पाठविले. समुद्रात पोहतानाचे, बौद्ध मंदिरातले, तऱ्हेतऱ्हेच्या जेवणाचे. आईवडील व मित्र आनंदले. वास्तविक ती गाव सोडून कोठेच गेली नव्हती. मंदिर अॅम्स्टरडॅममधले, जेवण तिथलेच आणि समुद्र म्हणजे पोहण्याचा तलाव! अखेरीस तिने स्वतःच सर्व उघड केले. कोणाचा पैसा घेण्यासाठी तिने हे केले नव्हते. पडद्यावर दिसते ते सर्व आपण किती सहज खरे मानतो, आणि आपणही आपले आयुष्य कसे निवडून निवडून मांडतो, हे तिला दाखवावयाचे होते.

आपल्या घरांतही हेच चालते की नाही? दिमोनातून मुंबईला, मुंबईहून लंडनला आपण पाठवितो ते कोणते फोटो? मोटार नवी असेल तर तिचा. तिच्या कर्जाचा नाही. लग्नाच्या मंडपाचा, त्यापायी झालेल्या भांडणाचा नाही. याला कोणी गुन्हा म्हणणार नाही. परंतु सगळेच जेथे थोडेथोडे उसने कपडे घालून बसलेले असतात, तेथे पुरता सोंगाड्या आला तर त्याला ओळखणार कोण?

एकटा माणूस फसतो तसा सबंध समाजही फसू शकतो, आणि त्याला मोबाईल लागत नाही. पुन्हा अॅम्स्टरडॅमचीच गोष्ट पहा. १६६५ सालच्या अखेरीस त्या शहरातील पोर्तुगीज यहुद्यांकडे पूर्वेकडून पत्रांमागून पत्रे येऊ लागली. शब्बाथाई झ्वी हाच माशियाह आहे, गाझाच्या नाथानाने तसे भविष्य केले आहे, असा त्यांचा मजकूर. एकाने वाचावे, दुसऱ्याला सांगावे, तिसऱ्याने नक्कल करून पुढे पाठवावी. उपवास झाले, आनंदोत्सव झाले, नव्या प्रार्थनापुस्तकांची छपाई झाली. अब्राहाम पेरेयरा यांच्यासारखा श्रीमंत व्यापारी एरेत्स इस्राएलला जाण्यासाठी निघाला. हाम्बुर्ग येथे असलेल्या रब्बी याकोब सास्पोर्तास यांनी मात्र पत्रे लिहून एकच गोष्ट विचारली: याला पुरावा काय? त्यांचे म्हणणे लोकांना रुचले नाही. अखेर सप्टेंबर १६६६ मध्ये सुलतानापुढे उभा केल्यावर शब्बाथाई झ्वीने इस्लाम धर्म स्वीकारला आणि सारा डोलारा कोसळला.

त्या लोकांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यापैकी कित्येकांच्या घराण्यांनी इन्क्विझिशनच्या भयाने पिढ्यान्‌पिढ्या खोट्या नावाने दिवस काढले होते. सुटकेची बातमी त्यांना हवी होती, म्हणून त्यांनी ती खरी मानली. आजही जी बातमी आपल्याला हवी असते ती आपण तपासल्याशिवाय पुढे ढकलतो. फसवणूक सुरू करणारा एकच असतो. ती पसरविणारे आपण सर्व असतो. अनोळखी औषधाची, झटपट फायद्याची किंवा कोणाच्या बदनामीची बातमी पुढे पाठविण्यापूर्वी सास्पोर्तास यांचा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये ही तोराहची आज्ञा आहे. जो एखाद्या गोष्टीत अजाण आहे तो त्या गोष्टीपुरता आंधळाच, असा तिचा अर्थ आपल्या आचार्यांनी केला आहे.

मग करावे काय? कोणावरच विश्वास ठेवू नये? नाही. विश्वासावाचून कुटुंब नाही, समाज नाही, आणि धर्मही नाही. या प्रश्नाचे उत्तर आपल्या राहेल मातेच्या जीवनात आहे.

तालमूद सांगते की लाबान लबाड आहे हे राहेल व याकोब दोघेही जाणून होते. म्हणून लग्नापूर्वी त्यांनी आपसांत काही खुणा ठरविल्या. अंधारात, बुरख्याआड, समोर खरी राहेल आहे की नाही हे त्या खुणांवरून कळावे. यात एकमेकांवरचा अविश्वास नव्हता. उलट, दोघांचा विश्वास चोरापासून सांभाळण्यासाठी घातलेले ते कुंपण होते. आजही तेच करता येईल. प्रत्येक कुटुंबाने घरातल्यांनाच ठाऊक असा एखादा शब्द ठरवावा. पणजीच्या गावचे नाव असो, मलिद्याच्या ताटातला एखादा जिन्नस असो, लहानपणचे लाडाचे नाव असो. पैशाची मागणी आली, मग ती मुलाच्या नावाने असो की मुलाच्या आवाजात, तर आधी तो शब्द विचारावा. आवाजात असे म्हणण्याचे कारण, आता यंत्राकडून माणसाचा आवाजही हुबेहूब काढता येतो. इसहाकाला निदान कान तरी खरे सांगत होते. आपल्याला तेवढाही आधार उरलेला नाही. शब्द आला नाही तर जुन्या नंबरावर फोन करावा. खरा मुलगा रागावणार नाही, आणि रागावलाच तरी संध्याकाळी हसेल.

परंतु राहेलची कथा येथे संपत नाही, आणि आम्हांस सांगावयाचे आहे ते हेच. लग्नाच्या रात्री लेआला आत नेऊ लागले. राहेलच्या मनात आले, आता माझी बहीण खुणा सांगू शकणार नाही आणि सर्वांसमक्ष तिची मान खाली जाईल. तेव्हा राहेलने आपल्या खुणा स्वतः होऊन तिला दिल्या. स्वतःचे सुख गेले तरी चालेल, पण बहिणीची लाज जाऊ नये! ज्या राहेलने खुणा ठरविण्याइतके शहाणपण दाखविले, तिनेच दुसऱ्याची अब्रू झाकण्याइतकी दयाही दाखविली.

आपण पहिले शिकतो, दुसरे विसरतो. हायूतची हकीकत २०२२ साली चित्रपटातून जगापुढे आली, तेव्हा पुष्कळांनी त्या स्त्रियांनाच लोभी म्हणून हिणविले. आपल्या समाजात एखाद्या वृद्ध मावशीचे पैसे असे गेले तर काय होते? मुलगा म्हणतो, ‘तुला अक्कल नाही का?’ जावई हसतो. सिनेगॉगबाहेर कुजबुज होते. त्यामुळे दुसऱ्या खेपेस मावशी कोणाला सांगत नाही, आणि फसविणाऱ्याला हेच हवे असते. लाजेने शिवलेले तोंड हे त्याचे सर्वांत मोठे कुलूप आहे. शब्दांनी कोणास दुखविणे हे पैशाने फसविण्यापेक्षा मोठे पाप होय, असे आपले शास्त्र सांगते, कारण पैसे परत करता येतात, शब्द परत घेता येत नाहीत. चारचौघांत कोणाचा चेहरा पांढराफटक करणे याची तुलना आचार्यांनी रक्तपाताशी केली आहे. म्हणजे चोराने मावशीचे पैसे नेले, आणि उरलेले आपण नेले!

अॅम्स्टरडॅमच्या त्या समाजाने मात्र फसल्यानंतर काय केले ते पहावे. त्यांचे रब्बी इसहाक अबोआब दा फोन्सेका हे स्वतः शब्बाथाई झ्वीवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होते. समाजाने त्यांना हाकलून दिले नाही. १६७० साली त्यांनीच प्रवचन करून नव्या सिनेगॉगसाठी लोकांना हाक दिली, लोकांनी पैसे दिले, आणि १६७५ साली ते भव्य सिनेगॉग उभे राहिले. आजही ते उभे आहे आणि त्याच्या मुख्य दालनात विजेवाचून, मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना होते. पुढे १६९३ साली अबोआब वारल्यावर त्यांच्या जागी कोण आले? पुरावा मागणारे तेच याकोब सास्पोर्तास! एकाच गादीवर आधी फसलेला बसला आणि नंतर सावध राहिलेला बसला. समाजाला दोघांचीही गरज होती. फसणे हा माणसाचा शेवट नव्हे, हे त्या विटांच्या भिंती आज साडेतीनशे वर्षे सांगत आहेत.

म्हणून बंधुभगिनींनो, येत्या शब्बाथाच्या संध्याकाळी, किद्दूश झाल्यावर, घरातील सर्वांनी मिळून आपली एक खूण ठरवावी. आजीला तो शब्द निवडू द्यावा. आणि त्याच वेळी तिला शब्द द्यावा की, ‘तू फसलीस तर आधी आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही, हसणार नाही, पोलिसांकडे व बँकेत तुझ्याबरोबर येऊ.’ पहिली खूण चोराला दाराबाहेर ठेवील. दुसरे वचन आजीला एकटी पडू देणार नाही.

सर्वसाक्षी परमेश्वर, ज्याच्यापुढे कोणाचेही उसने कपडे टिकत नाहीत, तो आपल्या जिभेला खरेपण देवो, आपल्या वृद्धांना सांभाळो, आणि एलियाहू हन्नाबी शुभवार्ता घेऊन येतील तेव्हा ती खरी ओळखण्याची बुद्धी आपणांस देवो.

आमेन.